दांतांवरील डाग

शिक्षकाच्या हातून जे प्रमाद घडतात, त्यांपैकीं कांहीं विद्यार्थी विसरतात. शिक्षकास मात्र ते विसरतां येत नाहींत. यवतमाळकडील खेड्यांतून आलेल्या एका मुलास मीं एकदां भर वर्गांत विचारिलें, "काय रे, दांत घासत नाहींस काय?" त्याच्या दांतांवर पिंगट डाग होते. वर्ग हंसला. त्या दिवसापासून तो तोंडावर हात धरून बोलूं लागला.

दोष घासण्याचा नसून पाण्याचा होता, हें मला फार उशीरां समजलें. यवतमाळ-चंद्रपूरकडील कित्येक विहिरींच्या व कूपनलिकांच्या पाण्यांत खडकांतून फ्लोराइड उतरतें. लिटरमागें १.५ मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड बालपणापासून पोटांत गेलें, तर दांत घडत असतांच बिघडतात. फार झाल्यास हाडेंही आंखडतात. तुरटी व चुना वापरून तें काढण्याची 'नलगोंडा पद्धति' आमच्याच नागपुरांत, 'नीरी' संस्थेनें, १९७० च्या दशकांत सिद्ध केली होती. ज्ञान गांवांत होतें. अज्ञान माझ्या वर्गांत होतें.

दुसरा उपाय अ‍ॅल्युमिनाच्या गाळणीचा. तिच्या कणांच्या पृष्ठभागावरील हायड्रॉक्सिल सुटतो व त्याच्या जागीं फ्लोराइड बसतें. पाणी फार अल्कधर्मी झालें कीं हाच व्यवहार उलटतो.

ही देवघेव पाहावयाची कशी? १८९५ सालीं राँटगेन यांस सांपडलेले क्ष-किरण येथें उपयोगी पडतात. ते खनिजावर पडले कीं अणूंतून इलेक्ट्रॉन बाहेर उडतात. त्यांच्या ऊर्जेवरून मूलद्रव्य कोणतें व तें कोणत्या स्थितींत आहे, हें कळतें. खोलवरचे इलेक्ट्रॉन वाटेंतच ऊर्जा गमावतात. म्हणून ही साक्ष वरच्या कांहीं नॅनोमीटरांचीच, आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लक्षावा भाग! ह्या विद्येबद्दल स्वीडनच्या काई सीगबान यांस १९८१ च्या नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला. मात्र येथें नमुना बहुधा निर्वातांत ठेवावा लागतो. ओल्या खनिजास चिकटलेलें आर्सेनिक तपासण्यास इंदूरच्या 'इंडस-२' सारख्या यंत्राचे प्रखर क्ष-किरण हवेत. ते पाण्याच्या पातळ थरांतून पार जातात. धरलेलें विष घट्ट आहे कीं सैल, हें कळल्यावांचून गाळणीवर भरंवसा कसा ठेवावा?

'वरवर पाहणें' हें आपण निंदेनें म्हणतों. हे शास्त्रज्ञही वरवरच पाहतात, पण नीट पाहतात. मीं तसें पाहिलें नाहीं. ज्यांच्या वर्गांत किंवा घरांत आज असा मुलगा असेल, त्यांनीं त्यास बोल लावण्यापूर्वीं त्याच्या गांवचें पाणी तपासून घ्यावें, एवढेंच सांगणें आहे.