डिस्कचं प्रगतिपुस्तक

कॉम्प्युटरची हार्ड डिस्क स्वतःच स्वतःचं प्रगतिपुस्तक लिहीत असते, हे तुम्हाला माहीत आहे का? त्याला ‘स्मार्ट’ म्हणतात. ते दाखवणारे प्रोग्राम फुकट मिळतात. वाचता मात्र आलं पाहिजे!

नातेपुत्याला आमच्या तात्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर आजीच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. तिच्याच आवाजात, बेचाळीस. आजी आता नाही. आषाढात माऊलींची पालखी गावात मुक्कामाला आलेली, घर पाहुण्यांनी भरलेलं. अकलूजच्या आत्यानं ओव्या लावायला सांगितल्या, तर मशीन मध्येच अडखळायला लागलं.

मी तपासणीचा तक्ता काढला. वर ठळक अक्षरांत ‘पास’! तात्या खूश झाले. पण पस्तीस मार्कांवालाही पासच असतो की. खरं काय ते खालच्या ओळींत असतं. १९९ क्रमांकापुढे आकडा असेल तर बहुतेक वेळा दोष केबलचा असतो. केबल बदलली की तो वाढायचा थांबतो. ५ क्रमांक म्हणजे खराब झालेले कप्पे, ज्यांच्या जागी डिस्कनं राखीव कप्पे कामाला लावले. आणि १९७ म्हणजे धड वाचता न येणारे, निकाल राखून ठेवलेले कप्पे. आमच्या १९७ पुढे १६ होते.

“मोठी टेस्ट लावून बघू का?” तात्या म्हणाले.

“नको तात्या. आधी कॉपी, मग टेस्ट.”

डिस्कच्या आत तबकडी मिनिटाला हजारो वेळा गरगरते आणि वाचणारं टोक तिच्यावर केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतरावर तरंगतं. आजारी डिस्कला तासन्‌तास पळवत ठेवणं म्हणजे तापातल्या पोराला शिंगणापूरचा डोंगर चढायला लावणं! आणि तक्ता स्वच्छ असला तरी निर्धास्त राहू नये. गूगलच्या संशोधकांनी आपल्या हजारो डिस्क तपासून २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कांनी मुख्य चार खुणांपैकी एकही आधी दाखवली नव्हती.

रात्रभर कॉपी चालली. बाहेर भजन, आत आम्ही दोघं जागे. एकोणचाळीस ओव्या उतरल्या, तीन अडकल्या. त्यांतल्या दोन आत्याच्या मोबाइलमध्ये निघाल्या. तात्यांनीच कधीतरी पाठवल्या होत्या.

जाणकार सांगतात : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. आता एक प्रत तात्यांच्या नव्या डिस्कवर आहे, एक पेनड्राइव्हवर आणि एक अकलूजला. इंद्रायणीत बुडवलेली तुकोबांची गाथा लोकांच्या तोंडी राहिली म्हणून वाचली, असं आपल्याकडे मानतात. तीही घराबाहेरचीच प्रत म्हणायची!

उरलेली एक ओवी काही मिळाली नाही. आत्या आणि काकू ती आठवून म्हणतात; पण शेवटच्या चरणावर दोघींचं जमत नाही. मी दोन्ही रेकॉर्ड करून ठेवल्या आहेत.