फणसाचे फडताळ

कोकणातील स्वयंपाकघराइतकी लाकडाची कसोटी पाहणारी दुसरी जागा घरात नसेल. तेथे चुलीची धग असते, सांडपाणी असते, चार महिने पावसाची ओल असते, आणि वाळवी तर बारमाही पाहुणी! अशा ठिकाणी हाती येईल ते लाकूड बसविले, तर ते वाकते, फुगते किंवा आतून पोखरले जाते. म्हणूनच जुने लोक कामागणिक झाड निवडीत. मुसळ करावयाचे ते खैराचे, कारण तो घावाला दाद देत नाही. अवजाराची मूठ बाभळीची. दारे व चौकटी सागाच्या. सागाच्या अंगी मुळातच तेल असते, त्यामुळे वाळवी सहसा त्याच्या वाटेस जात नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छतातील सागवानी कमानी सुमारे २००० वर्षे टिकून आहेत. तुमच्यापैकी काहींनी त्या सहलीत पाहिल्याही असतील.

आमच्या घरी मात्र निवड करण्याची पाळी आली ती फणसामुळे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन तालुक्यातील आमच्या घराची कौले उडाली, स्वयंपाकघराची एक भिंत खचली आणि तिच्याखाली जुने फडताळ चिरडून गेले. परसातला फणसही मुळांसकट आडवा झाला. आजी लग्न होऊन या घरात आली, तेव्हाही तो फळे देत होता.

चार दिवसांनी एक व्यापारी आला व त्याने झाडाला बरी किंमत सांगितली. कौलांना पैसे तर हवेच होते. झाड विकावे आणि शहरातून प्लायवुडचे तयार कपाट आणावे, असे बाबांच्या मनात होते. त्यांचा विचार काही गैर नव्हता. आजी एवढेच म्हणाली, “इतकी वर्षं त्याचे गरे खाल्ले. आता पडला म्हणून परक्याच्या टेंपोत घालायचा का रे?”

बाबांनी सुतारकाकांना बोलावले. काकांनी कुऱ्हाडीच्या तुंब्याने खोड ठिकठिकाणी ठोकून पाहिले, कान लावून आवाज ऐकला. “गाभा निरोगी आहे,” ते म्हणाले, “पण घाई असेल, तर मला सांगू नका.” शेवटी जाड फांद्या विकून कौले आणली आणि खोड घरी राहिले.

पुढचे काम धीराचे होते. बाहेरचे फिकट लाकूड कीड प्रथम धरते, म्हणून ते काढून टाकले. गाभ्याच्या फळ्या पडवीत एकीवर एक रचल्या. वारा खेळावा म्हणून मध्ये चिपा ठेवल्या. ओले लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आकसत नाही, परंतु रुंदीत चांगलेच आकसते. घाईने केलेल्या दाराला म्हणूनच भेगा पडतात. दोन उन्हाळे गेले. तोवर आमचे डबे बांबूच्या मांडणीवर होते, आणि आई रोज एकदा तरी काकांच्या नावाने कुरकुरत असे.

दारे करताना काकांनी चौकटीला आतून खोबण पाडली व फळी तीत मोकळी सरकवली. तेथे सरस मुळीच लावला नाही. मला नवल वाटले. ते म्हणाले, “बाळा, पावसात ती फुगणार, उन्हात आकसणार. तिला हालायला जागा नको का?” मग साऱ्या फडताळाला जवसाच्या तेलाचे हात दिले.

पहिल्या वर्षी ते हळदीसारखे पिवळेधमक होते. उजेड लागून आता त्याला तांबूस तपकिरी रंग चढला आहे. बाहेरच्या फळीवर आजीचा पितळी डबा असतो. तो उचलला, की खाली अजून एक पिवळे वर्तुळ दिसते.