उधारीचं पान

सकाळी बदलापूरला लोकल पकडून उल्हासनगरला उतरणाऱ्यांची एक वेगळी जमात आहे. आमचा प्रवास दोनच स्टेशनांचा, पण डबा सगळा निघालेला असतो दादर-सीएसएमटीकडे. त्यामुळे चढल्या चढल्या पुढच्या बायकांना ‘उल्हासनगर, उल्हासनगर’ सांगत राहायचं. चढताना मागचे लोक आत ढकलतातच, उतरायची वाट मात्र आपली आपण करायची. बाजारात छोट्या कंपनीचा शेअर घेतानाही असंच असतं. हे कळायला माझे ऐंशी हजार रुपये गेले.

गोष्ट सुरू होते जानेवारी २०१७ मध्ये. बाबा तेव्हा अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. सेकंड शिफ्ट करून रात्री घरी आले आणि ‘छातीत जळजळतंय, ॲसिडिटी असेल’ म्हणून थंड दूध पिऊन झोपले. पहाटे आम्ही त्यांना रिक्षात घालून कल्याणला नेलं. एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद होती. स्टेंट बसला. बिलात एकट्या स्टेंटचेच लाखाच्या वर होते. आईने पाटल्या मोडल्या.

पुढच्याच महिन्यात, १४ फेब्रुवारीला, सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. औषधाचा लेप असलेला स्टेंट २९,६०० रुपये, साधा ७,२६० रुपये, वर कर. एक महिना! तो आकडा मी आजही विसरलेले नाही. पण त्यातून शिकायचं ते तेव्हा शिकले नाही. हृदयाशी संबंधित धंद्यात गरज कितीही खरी असली, तरी नफा सरकारच्या एका कागदाने रातोरात बदलू शकतो.

त्यानंतर घरात बाबांच्या जेवणाचा प्रयोग सुरू झाला. अळशीची चटणी, कच्चा लसूण, ओट्स. शेजारच्या काकूंनी अर्जुनाची साल आणून दिली. मी नोकरीला उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये, जीन्स शिवणाऱ्या एका युनिटच्या हिशेबात. दुपारी जेवताना फोनवर हृदय आणि आहार यांबद्दल मिळेल ते वाचायचे. असं वाचता वाचता प्लांट स्टेरॉल भेटले.

हे वनस्पतींच्या तेलात थोड्या प्रमाणात असतात. त्यांची रचना कोलेस्टेरॉलसारखीच असते, त्यामुळे आतड्यात शोषलं जाण्यासाठी दोघांची चढाओढ लागते आणि कोलेस्टेरॉल कमी शोषलं जातं. दिवसाला साधारण दोन ग्रॅम पोटात गेले तर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, आठ-दहा टक्के उतरतं. हे बऱ्याच चाचण्यांत दिसलेलं आहे. मला वाटलं, सापडलं!

त्यातच फिनलंडच्या रायसिओची गोष्ट वाचली. नोव्हेंबर १९९५ मध्ये त्यांनी स्टेरॉलचाच भाऊ असलेल्या स्टॅनॉलपासून ‘बेनेकॉल’ नावाचं मार्जरीन बाजारात आणलं. त्याच महिन्यात एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात त्याच्यावरचा अभ्यास छापून आला. पुढच्या काही वर्षांत शेअर कित्येक पट झाला. १९९७ मध्ये अमेरिकेतले हक्क जॉन्सन अँड जॉन्सनने घेतले. एवढं वाचून मी थांबले. पुढचं वाचायला हवं होतं.

लॉकडाऊनमध्ये सगळ्यांसारखं मीही डिमॅट खातं उघडलं. २०२१ च्या शेवटी एका ग्रुपवर एका कंपनीचं नाव आलं. नाव इथे देत नाही. एसएमई बाजारात नोंदलेली, तेल शुद्ध करताना उरणाऱ्या मालापासून स्टेरॉलची पावडर काढणारी. प्रेझेंटेशनमध्ये लाल हृदयाचं चित्र होतं आणि ‘भारतात हृदयरोग वाढतोय’ असं वाक्य होतं. ते वाक्य माझ्या घरात राहत होतं.

एसएमईत एक-दोन शेअर घेता येत नाहीत, अख्खा लॉट घ्यावा लागतो. माझा लॉट १,२६,००० रुपयांचा पडला. माझ्याकडे एवढे पैसे एकाच ठिकाणी होते. बाबांना परत काही झालं तर म्हणून ठेवलेल्या एफडीत. ती मी मोडली. घरी सांगितलं नाही.

चार महिन्यांत शेअर दीडपट झाला. मग घसरायला लागला. काही दिवस लोअर सर्किट, म्हणजे विकणारे रांगेत आणि घेणारं कुणी नाही. अशा बाजारात पहिली तीन वर्षं मार्केट मेकर नेमावा लागतो, पण तो काही आपल्या मनासारखा भाव द्यायला बांधलेला नसतो. त्यातून कंपनीचे आकडे सहा महिन्यांनी एकदाच. मधले महिने अफवांवर काढायचे.

तेव्हा मी रायसिओची उरलेली गोष्ट वाचली. १९९८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने हरकत घेतली, कारण माल पूरक आहार म्हणून विकायचा बेत होता. १९९९ मध्ये तो खाद्यपदार्थ म्हणून बाजारात आला, तोवर युनिलिव्हरचं मार्जरीनही शेजारच्या फळीवर आलं. खप अपेक्षेएवढा झालाच नाही. शेअर चढला होता तसाच उतरला. बेनेकॉल आजही विकलं जातं. पदार्थ खोटा नव्हता.

इंग्लंडच्या प्रोव्हेक्सिसची गोष्टही तशीच. भारतीय वंशाचे असीम दत्तरॉय यांनी ॲबर्डीनच्या रोवेट संस्थेत टोमॅटोवर काम केलं. त्यातून ‘फ्रूटफ्लो’ हा अर्क तयार झाला. रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटण्याचं प्रमाण त्याने कमी होतं. २००९ मध्ये युरोपने त्याच्या आरोग्यविषयक दाव्याला मंजुरी दिली आणि २०१० मध्ये डीएसएमसारखी बलाढ्य कंपनी सोबत आली. एवढं सगळं होऊनही शेअर पुढे वर्षानुवर्षं एका पेनीच्या खाली रेंगाळत राहिला. विज्ञान पास, दावा मंजूर, आणि भागधारक तिथेच.

२०२३ च्या पावसाळ्यात आईने सहज विचारलं, “ती बाबांची एफडी कधी पिकते गं?” मला खोटं बोलता आलं नाही.

मला वाटलं बाबा चिडतील. ते गॅलरीत बसले होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पावडर आहे ना? ड्रममध्ये भरत असतील. महिन्याला किती ड्रम जातात?”

“ते नाही माहीत, बाबा.”

“घेतं कोण?”

“मोठ्या फूड कंपन्यांशी बोलणी चालू आहेत म्हणतात.”

“पैसे रोख की उधार?”

मी गप्प.

“अगं, आमच्याकडे पण आणलं होतं एकदा असं नवीन प्रॉडक्ट. माल एक नंबर. बॅच कधी फेल नाही. दोन वर्षं गोडाऊनमध्ये पडून होता. गिऱ्हाईक म्हणायचं, सँपल चांगलंय, कळवतो. माल काढणं आम्हाला जमत होतं गं. तो उचलणारा लागतो.”

त्या रात्री मी कंपनीचा वार्षिक अहवाल उघडला. येणं बाकी असलेल्या रकमेचं पान काढलं. विक्री वर्षात थोडी वाढली होती, उधारी दुपटीच्या वर गेली होती. नफा कागदावर होता, धंद्यातून हातात आलेली रोकड उणे होती. सहा महिन्यांहून जुनी येणीही होती.

हे पान मी रोज बघते! कॅम्प पाचमध्ये माझं कामच ते आहे. कुठल्या व्यापाऱ्याने नव्वद दिवसांत पैसे दिले नाहीत, कुणाला पुढचा माल द्यायचा नाही, हे मी शेठना सांगते. आणि स्वतःचे सव्वा लाख लावताना आतड्यातली शोषणक्रिया पाठ केली, पण उधारीचं पान उघडलं नाही. कारण मला धंद्यात भाग घ्यायचाच नव्हता. २०१७ मध्ये रिक्षात बाबांचा हात धरून मी काहीच करू शकले नव्हते, ते मला भरून काढायचं होतं.

आणखी एक गोष्ट मी सोयीने बाजूला ठेवली होती. स्टेरॉलने कोलेस्टेरॉल उतरतं, पण त्यामुळे हार्ट अटॅक कमी होतात हे कुठल्या चाचणीने अजून दाखवलेलं नाही. बाबा रोज रात्री घेतात ती स्टॅटिनची स्वस्त गोळी एलडीएल कितीतरी जास्त उतरवते, आणि तिने अटॅक कमी होतात हे सिद्ध झालेलं आहे. माझ्या कंपनीची खरी स्पर्धा आमच्याच फ्रिजवरच्या डब्यात होती.

मी लॉट विकायला लावला. अकराव्या दिवशी गेला. ४६,००० आले.

त्याची परत एफडी केली. पगारातून दरमहा तीन हजार त्यात टाकते, ऐंशी हजार भरून निघेपर्यंत. शेअर अजून घेते, लहान कंपन्यांचेही, पण एफडीच्या पैशातून नाही. एखादी कंपनी आवडली की रात्री जेवताना सांगते. बाबा ताटातून मान वर न करता विचारतात, “ड्रम जातात का?”