दिल्लीची आरोग्यद्वारे

दिल्लीस जाणारा प्रवासी लाल किल्ला पाहतो, कुतुबमिनार पाहतो, चांदणी चौकातील जिलबी चाखतो आणि परततो. वाचकहो, पुढील फेरीत एक दिवस तेथील रुग्णालयांसाठी राखून ठेवावा, असे सुचविल्यास आपणांस नवल वाटेल. परंतु कोणत्या रुग्णाची अडचण समाजाला केव्हा उमगली, याचा इतिहास या इमारतींच्या रूपाने तेथे उभा आहे.

कॅनॉट प्लेसपासून जवळच लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय आहे. व्हाइसरॉयच्या पत्नीने ते मनात धरले. मात्र १९१६ साली ते सुरू झाले तेव्हा त्या हयात नव्हत्या. त्या काळी पडद्यातील स्त्री दुखणे अंगावर काढी, पण परपुरुषाकडून तपासून घेत नसे. शहरात डॉक्टर असूनही तिच्या लेखी ते नसल्यासारखेच होते. यावर उपाय एकच, स्त्री-डॉक्टर घडविणे. आपल्या आनंदीबाई जोशी हाच हेतू धरून अमेरिकेस गेल्या व १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. लेडी हार्डिंगमध्ये एम.बी.बी.एस.साठी आजही केवळ मुलींनाच प्रवेश मिळतो.

याच संस्थेशी संलग्न असे कलावती सरन बाल रुग्णालय १९५६ साली सुरू झाले. बालक म्हणजे काही लहान आकाराचा प्रौढ नव्हे. त्याच्या औषधाची मात्रा वजन पाहून ठरवावी लागते. कोठे दुखते हे तान्ह्याला सांगता येत नाही. आणि आई जवळ असल्यावाचून त्याचे उपचारही नीट होत नाहीत.

येथून दक्षिणेस गेले की रस्त्याच्या दोन बाजूंस दोन मोठी रुग्णालये दिसतात. सफदरजंग १९४२ साली महायुद्धातील सैनिकांसाठी उभारले गेले. आता ते सर्वांचे आहे. समोरची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था राजकुमारी अमृत कौर आरोग्यमंत्री असताना, १९५६ च्या कायद्याने स्थापन झाली. येथे दूरदूरच्या राज्यांतून रुग्ण येतात. त्यांना उत्तम शल्यचिकित्सक मिळतो, पण आज तपासणी, पुढील तारीख आठवड्याने. मधले दिवस राहावे कोठे? विश्रामसदने व धर्मशाळा आहेत, तरीही कित्येक नातलग पदपथावरच रात्र काढतात. मुक्कामाची सोय हाही उपचाराचाच भाग आहे, हे तेथे क्षणभर थांबले तरी पटते.

रोजंदारीच्या मजुराची गोष्ट याहून निराळी. साध्या तापासाठी मोठ्या रुग्णालयाच्या रांगेत उभे राहिले की त्याची दिवसाची मजुरी बुडते. त्याला वस्तीतच छोटा दवाखाना हवा. या विचाराने २०१५ साली पीरागढीत पहिला मोहल्ला क्लिनिक निघाला.

वाचकहो, आपल्या गावी नवा दवाखाना होईल तेव्हा खाटा किती हे अवश्य विचारावे. पण त्याआधी पाहावे की बाळंतीण, वृद्ध, अपंग आणि मजूर यांपैकी कोणाला तेथे पोहोचता येणार नाही. त्यांची सोय प्रथम झाली, तर इतरांची आपोआप होते.