बंद न होणारी गाडी

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. दोघीतिघींच्या मेल आल्या, "सगळं ठीक ना?" म्हणून. पुण्याहून वन्संचा फोनही येऊन गेला. सगळं ठीक आहे. मी गॅरेजमध्ये होते, एवढंच. आणि नखांतलं काळं गेल्याशिवाय कीबोर्डला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. :-)

ज्यांना आमची गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं आधी सांगते. मर्सिडीज ३००डी टर्बोडिझेल, १९८४ चं मॉडेल, आमच्याकडे १९९८ पासून. रंग धाकटीच्या मते वरणाचा. मर्सिडीज म्हटल्यावर भारतातल्या मंडळींचे डोळे मोठे होतात, पण फोटो पाठवला की पुन्हा लहान होतात. या घाटाच्या गाड्या (डब्ल्यू-१२३ म्हणतात त्यांना) कंपनीने १९७६ ते १९८५ या काळात सुमारे २७ लाख काढल्या. नवीन असताना इथे ती डॉक्टर-वकिलांची गाडी होती आणि तिकडे जर्मनीत टॅक्सीवाल्यांची. दोन्ही खरं. आतल्या सीटवर बसलं की अजूनही आजोळच्या दिवाणावर बसल्यासारखं वाटतं. धुराबद्दल मात्र माझं मन खातं. कॅलिफोर्नियात १९९७ पर्यंतच्या डिझेल गाड्यांना स्मॉगची तपासणीच लागत नाही, म्हणून कुणी विचारत नाही इतकंच. म्हणून ती आठवड्यातून दोनदाच बाहेर निघते.

तर या गाडीला गेल्या वर्षी एक विचित्र खोड लागली. किल्ली फिरवून काढून घेतली तरी इंजिन चालूच. आधी दोन-तीन सेकंद, मग मोजून दहा, आणि थँक्सगिव्हिंगच्या सुमाराला एकदा बंदच होईना. इंडियन स्टोअरच्या पार्किंगमध्ये मी हातात किल्ली घेऊन उभी आणि गाडी आपली धडधडतेय. एक गृहस्थ मला सांगायला आले, "मॅडम, गाडी चालू राहिलीय." मी म्हटलं, हो ना. मग बॉनेट उघडून इंजिनावरची लाल 'स्टॉप' लिहिलेली दांडी दाबून धरली, तेव्हा शांत झाली. म्हणजे बनवणाऱ्यांना ही वेळ येणार हे ठाऊक असावं, नाहीतर ती दांडी ठेवली कशाला असती?

हे असं का होतं ते आमच्या ह्यांनी मला समजावलं ते सांगलीकडच्या मळ्यातल्या इंजिनावरून. विहिरीवर किर्लोस्करचं डिझेल इंजिन होतं, ते बंद करायला डिझेल तोडावं लागे. त्याला ठिणगी नाहीच, तर बंद काय करणार? पेट्रोलच्या गाडीत किल्ली फिरवली की ठिणगी बंद, इंजिन बंद. डिझेलला एकदा सुरू झाल्यावर विजेची गरजच नाही. हवा आणि डिझेल मिळतंय तोवर ते चालणार. मळ्यात डिझेल तोडायला हात होता. या गाडीत तो हात व्हॅक्यूमचा आहे. इंजिनावर एक पंप आहे, तो सतत हवा ओढत असतो. किल्ली बंद केली की ती ओढ एका बारीक तपकिरी नळीतून डिझेल पंपाच्या मागच्या एका डबीपर्यंत पोचते, डबीतला रबरी पडदा खेचला जातो आणि डिझेल तुटतं. ओढ कमी पडली तर पडदा हलत नाही. मग किल्ली तुमच्या हातात आणि गाडी तिच्या मनात.

आता गंमत अशी की त्याच एका पंपाच्या जिवावर गाडीतली निम्मी कामं चालतात. ब्रेकचा बूस्टर, गिअर मऊ पडणं, एसीच्या झडपा आणि दारांची कुलुपं! हो, कुलुपंसुद्धा. ड्रायव्हरच्या दाराची खुंटी दाबली की बाकीची दारं, डिकी आणि डिझेलचं झाकण एकदम लागतं, ते मोटारीने नाही, हवेच्या ओढीने. कुठेही बारीक भोक पडलं की सगळ्यांचाच वाटा कमी होतो. एकत्र कुटुंबात एक भाऊ उधळ्या निघाल्यासारखं.

ज्यांच्याकडे आम्ही वीस वर्षं गाडी नेत होतो ते मेकॅनिक निवृत्त होऊन ओरेगनला गेले. दुसऱ्या एका गॅरेजने गाडी पाहून सांगितलं, पंप बदलू, डबी बदलू, मग बघू. सोळाशे डॉलर. त्यांच्या 'मग बघू'ची मला जास्त भीती वाटली. थोरला फोनवर म्हणाला, "आई, विका ती आता. ब्रेक त्याच व्हॅक्यूमवर आहेत ना?" त्याचा मुद्दा खरा होता. आणि हेही म्हणाले, "विकून टाक गं. माझ्याने आता होणार नाही."

ह्यांना पार्किन्सन्स आहे हे जवळच्यांना ठाऊक आहे, इथे पहिल्यांदाच लिहितेय. त्यांना विचारून लिहितेय. निदानाला पाच वर्षं झाली. हात थरथरतात म्हणून लोकांना दिसतं, पण खरा त्रास थरथरीचा नाही. स्क्रू बोटांत धरला की बोटं हळू होतात, जणू मधात बुडवली आहेत. गाडी चालवणं त्यांनी आपणहून सोडलं. अक्षर लहान होत जातं असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा घरी येऊन आम्ही गाडीची वही काढली. १९९८ पासूनची प्रत्येक नोंद त्यात आहे, तारीख, मैल, काय केलं. सुरुवातीला ठसठशीत देवनागरी, एका पानावर बारा ओळी. शेवटच्या पानांवर मुंग्यांची रांग. पानं उलटत गेलं की दिसतं, कुठून सुरू झालं असेल ते.

आणि आवाज. तोही लहान होतो या दुखण्यात. वन्सं म्हणतात ना, "दादा काय बोलतो ते कळतच नाही", ते त्यामुळे. स्पीच थेरपिस्ट बाईंनी रोज मोठ्याने 'आ' म्हणायला सांगितलंय, जमेल तितकं लांब आणि जोरात. ते करायचा ह्यांना भयंकर कंटाळा. मी मागे लागले की म्हणतात, "मी काय संगीत नाटकात काम करणार आहे का?"

तर मी म्हटलं, विकायची तर विकू, पण काय बिघडलंय ते तरी बघू. तुम्ही सांगा, मी करते. मी तीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली आहेत, बारीक नळ्या आणि बारीक कामाची मला सवय आहे. पहिल्या शनिवारी गॅरेजचं शटर पूर्ण वर केलं, गाडी अर्धी बाहेर काढली, ह्यांच्यासाठी कडेला खुर्ची टाकली. या गाडीचं बॉनेट सरळ उभं राहतं, नव्वद अंशात. उभ्याने, पाठ न मोडता काम करता येतं. कुणी केली असेल ही सोय, त्याचं भलं होवो.

हत्यार एकच, हाताने दाबायचा व्हॅक्यूम पंप, त्याला काटा असलेलं घड्याळ. दिसतो पिस्तुलासारखा. आणि गोल्फच्या लाकडी टी. गोल्फ आमच्या घरात कुणी खेळत नाही, पण या बारीक नळ्यांत बुचासारखी ती टी अशी चपखल बसते की बास.

आधी डबी. तपकिरी नळी काढून तिथे हातपंप लावला, इंजिन चालू ठेवून दाबत गेले. काटा वर चढला आणि इंजिन गपकन थांबलं. काटा जागचा हलला नाही. म्हणजे डबी चांगली, पडदा शाबूत. मग मोठा पंप. त्याच्या फाट्यांना सगळीकडे टी ठोकून फक्त घड्याळ लावलं. इंजिन पुन्हा सुरू. काटा वीसच्या वर गेला आणि तिथेच राहिला. म्हणजे पंपही ठणठणीत! नव्या गॅरेजला जे दोन्ही बदलायचं होतं ते दोन्ही निर्दोष सुटले. मग एकेक टी काढत गेलो. ब्रेक जोडला, काटा स्थिर. एसीच्या हिरव्या नळ्या जोडल्या, किंचित हलला. कुलुपांची पिवळी नळी जोडली आणि काटा घरंगळत खाली आला.

पाच सिलिंडरचं डिझेल इंजिन चालू असताना त्याच्या शेजारी बोलणं म्हणजे काय ते ज्यांनी ऐकलंय त्यांना कळेल. ह्यांना ओरडावं लागत होतं. "पिवळी! पिवळी गं! तपकिरीला हात लावू नकोस!" समोरची शेजारीण बाहेर येऊन बघून गेली, भांडण चाललंय की काय म्हणून. मी हात हलवला. दोन तास हे असं चाललं होतं, आणि थेरपिस्ट बाईंच्या पंधरा सेकंदांसाठी मी रोज विनवण्या करते!

दुसऱ्या शनिवारी कुलुपं. ह्यांचा बेत चारही दारं, डिकी, डिझेलचं झाकण असं एकामागून एक तपासायचा होता. मी सहज म्हटलं, "रात्री बंद व्हायला त्रास नाही देत ती."

"म्हणजे?"

"रात्री एकटी असले की मी आतून दारं लावून घेते ना. तेव्हा किल्ली काढली की लगेच थांबते. दिवसा नाही थांबत."

हे काही क्षण गप्प. मग एकदम मोठ्याने, इंजिन बंद असतानासुद्धा, "मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

त्यातली मेख अशी. प्रत्येक कुलपाला दोन नळ्या असतात, एक खुंटी खाली ओढायला, एक वर ढकलायला. दारं लावलेली असताना एकीत ओढ असते, उघडी असताना दुसरीत. लावल्यावर सगळं ठीक आणि उघडल्यावर बिघाड, म्हणजे भोक 'उघडण्याच्या' बाजूला. आणि उजव्या मागच्या दाराची खुंटी वर येत नाही, हात घालून ओढावी लागते हे मला वर्षभर माहीत होतं, कारण भाजीच्या पिशव्या मी तिथेच ठेवते. चालवणारीला जे माहीत होतं ते दुरुस्त करणाऱ्याला नव्हतं, कारण आता ती दोन माणसं झाली होती. पूर्वी एकच होतं.

दाराचं पॅनेल काढणं हे पुरण गाळण्यासारखं आहे, कठीण नाही, पण घाई चालत नाही. चाळीस वर्षांच्या क्लिपा, दोन तुटल्याच. आतला प्लॅस्टिकचा कागद हलकेच सोडवला, हातपंप कुलपाच्या डबीला लावला. खालच्या बाजूला काटा पंधरावर राहिला. वरच्या बाजूला मी चार मोजेपर्यंत शून्य. डबी काढून उजेडात धरली तर रबराच्या घडीत केसाएवढी चीर. कुकरची शिट्टी होत नसली की आपण आधी रिंग बघतो, तसलाच प्रकार. रबर आहे, त्याचंही वय होतं.

नवी डबी न मागवता आम्ही जंकयार्डात गेलो. ह्यांना तिथे जायला पुण्याच्या जुन्या बाजाराइतकंच आवडतं. तीन गाड्या सापडल्या याच घाटाच्या. माझ्या पर्समध्ये हातपंप होताच. दोन डब्या नापास, तिसरी पास. अकरा डॉलर. काउंटरवरचा मुलगा माझ्या पर्समधून बाहेर डोकावणाऱ्या पंपाकडे जरा वेळ बघत राहिला.

डबी बसवल्यावर किल्ली फिरवली. थांबली. पुन्हा सुरू केली, फिरवली, थांबली. सात-आठ वेळा केलं असेल, उगीचच. बुधवारपर्यंत गाडी न हलवता तशीच ठेवली आणि मग कुलूप लावून बघितलं, चारही खुंट्या एकदम खाली गेल्या. म्हणजे इतके दिवस ओढ टिकून होती. थोरल्याला ब्रेकच्या नळीवरचा आकडा फोटोसकट पाठवला. त्याने अंगठा पाठवला. विकण्याबद्दल पुन्हा बोलला नाही, पण विसरलाय असंही मी समजत नाही. गाडी चाळीस वर्षांची आहे आणि आम्ही सत्तरीच्या आसपास. तो प्रश्न येणारच आहे, यंदा आला नाही इतकंच.

वहीत नोंद मी लिहिली, ह्यांनी सांगितली. "उजवे मागील दार, कुलपाची डबी बदलली." खाली मैल लिहिताना मी एक आकडा उलटसुलट ऐकला, तर हे खुर्चीतून ओरडले. गाडी बंद होती तेव्हा. स्वयंपाकघरात चहा उकळत होता, तिथपर्यंत ऐकू गेलं असतं.

आता व्हॉल्व्ह. दर पंधरा हजार मैलांना त्यांची फट तपासायची असते आणि वही सांगते की ती वेळ केव्हाच होऊन गेली. दहा व्हॉल्व्ह, इंजिन गार असताना, आत घेणाऱ्यांना ०.१० मिलिमीटर, बाहेर सोडणाऱ्यांना ०.३५. फीलर गेज घरात आहे. त्यासाठी लागणारे वाकडे चौदाचे पाने मागवलेत, गुरुवारी येतील.