दाढ काढल्यावरच्या गोळ्या

आमच्या घरी दाढ काढून आलेल्या माणसाला दोनच प्रश्न विचारतात: फार दुखलं का, आणि गोळ्या कोणत्या दिल्या? गोळ्यांत अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक नसेल तर डॉक्टर नवखा ठरतो. मागच्या पावसाळ्यात आईची किडकी दाढ काढली, तेव्हा डॉक्टरबाईंनी फक्त पॅरासिटामॉल लिहून दिलं. जिना उतरताना आई म्हणाली, "एवढंच? सेप्टिक झालं म्हणजे? फ्रिजवर तुझ्या बाबांच्या चार गोळ्या उरल्यात, त्या घेऊ का?"

ही भीती एकट्या आईची नाही, डॉक्टरांनाही ती असते. सुजलेल्या गालाचा फोन रात्री अकराला घेण्यापेक्षा पाच दिवसांचा कोर्स लिहून मोकळं होणं सोपं. मला तर वाटतं, पुष्कळदा ती चिठ्ठी दाढेसाठी नसतेच. दोघांच्या समाधानासाठी असते.

जखम भरायचं खरं काम करते ती दाढेच्या खाचेत धरलेली रक्ताची गुठळी. म्हणून तर बोळा घट्ट चावून धरायचा, त्या दिवशी खळखळून चूळ भरायची नाही, सारखं थुंकायचं नाही, विडी-सिगारेट तर नाहीच. दोन-तीन दिवसांत गुठळी निसटली की हाड उघडं पडतं आणि कानापर्यंत ठणका लागतो. याला ड्राय सॉकेट म्हणतात. तिथे खाच धुऊन औषधाचा बोळा ठेवावा लागतो. अँटिबायोटिकने तो ठणका थांबत नाही.

कॉक्रेन या संस्थेच्या २०२१ च्या आढाव्यात निरोगी माणसांचा हिशेब आहे, तोही बहुतांशी अक्कलदाढांचा: एकाचा संसर्ग टाळायला सुमारे १९ जणांना अँटिबायोटिक द्यावं लागतं. बाकीच्यांच्या वाट्याला फायदा नाही. जुलाब, पुरळ मात्र येऊ शकतात. शिवाय औषधाला न जुमानणारे जंतू पोसले जातात ते वेगळंच. अपुऱ्या मात्रेने जंतू निर्ढावतात, हे पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ च्या नोबेल भाषणातच सांगितलं होतं. फ्रिजवरच्या चार गोळ्या म्हणजे नेमकी तीच अपुरी मात्रा.

हृदयात कृत्रिम झडप असेल तर गोष्ट वेगळी. तिथे दाढ काढण्याआधीच एक डोस देतात. ताप असेल, सूज पसरत असेल, तरीही गोळ्या हव्यातच, त्यात कंजुषी नको.

दुसऱ्या दिवशी बाईंनी स्वतः फोन करून आईची चौकशी केली. तेवढ्याने तिची सेप्टिकची धास्ती गेली. तुम्हीही दाढ काढायला गेलात तर दोन गोष्टी विचाराच: ही गोळी नेमकी कशासाठी, आणि रात्री सूज वाढली तर फोन कुणाला करायचा?