पालमच्या अंगणातले पॅकेट

गोवा एक्स्प्रेस आग्र्याला थांबली तसे काका खिडकीकडे सरकले. हवाई दलातली त्यांची पहिली नेमणूक इथलीच, इंजिन फिटर म्हणून. "इथनंच पॅकेट उडायचं लडाखला!" ते म्हणाले, म्हणजे ओरडलेच. डबा वळून पाहू लागला. काकांचे कान त्या इंजिनांनी नेले. आमच्या धारवाडच्या काकू गेली चाळीस वर्षे "मेल्लग माताड्री" म्हणत आल्या आहेत, उपयोग शून्य.

ही गोष्ट फेब्रुवारी 2019 ची. मोतीबिंदूचे ऑपरेशन तोंडावर होते आणि काकांनी हट्ट धरला, त्याआधी पॅकेट बघायचे. म्हणून दिल्लीच्या पालमचे हवाई दल संग्रहालय.

पॅकेट म्हणजे अमेरिकेचे फेअरचाइल्ड सी-119. आपल्याकडे 1954 पासून आले. दोन शेपट्या, मधे पेटीसारखे पोट. मागची दारे उघडली की जीप सरळ आत. साडेतीन हजार अश्वशक्तीची दोन इंजिने, पण लडाखच्या विरळ हवेत तीही धापा टाकत. मग पाठीवर तिसरे, छोटे जेट इंजिन बसवले. अशाच पॅकेटने स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे 23 जुलै 1962 रोजी दौलत बेग ओल्डीला उतरले. उंची सोळा हजार फुटांहून जास्त! एव्हरेस्टवीरांची नावे आमच्या विद्यार्थ्यांना पाठ असतात, राजे कुणालाच ठाऊक नसतात. तीन महिन्यांत चीनचे युद्ध पेटले. पुढे ती धावपट्टी बंद पडली, ती 31 मे 2008 ला एएन-32 उतरले तेव्हाच जागी झाली.

हे एएन-32 ऐंशीच्या दशकाच्या मध्याला आले आणि पॅकेटे गेली. पंखा यालाही आहे, पण आत टर्बाइन. काकांचे पाने त्याला लागू पडेनात. त्याच सुमारास त्यांनी पेन्शन घेतली आणि गावाकडे ऊस लावला.

पालमला पॅकेट बाहेर, उघड्यावर उभे आहे. मला वाटले काका सलाम ठोकतील. ते इंजिनाखाली गेले आणि वर न पाहता जमीन न्याहाळू लागले. मी विचारले, "काका, काय पडलं?"

त्यांनी काहीतरी सांगितले, पण इतक्या हळू की मला पुन्हा विचारावे लागले.

"तेल गळत नाही रे," ते म्हणाले. "आमच्या वेळी खाली थेंब दिसला नाही, की समजायचं टाकी रिकामी."